सेहेचाळीस बाटल्या

इंदोरा, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२४

भावनाताई,

काल तू नागपूरला आली होतीस. बाबांनी तुला दीक्षाभूमीच्या गर्दीत पाहिलं. पियुषभाऊजी नळावर पाणी भरत होते आणि तू सासूबाईंचा हात धरून उभी होतीस. बाबांनी हाक मारली नाही. घरी येऊन मला म्हणाले, "याचं असतं तर आली असती ना वं. रस्ता का माहीत नाई तिले?" मी अंधार पडेपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. तीन माणसांचा जास्तीचा भात केला होता. तो आज सकाळी फोडणी देऊन आम्ही दोघांनी खाल्ला.

तू फोन नंबर बदललास, म्हणून हे पत्र. बाबा महिन्यातून एकदा उमरेडच्या बसने तुझ्याकडे येतातच, त्यांच्याजवळ देते आहे. ते उघडून वाचणार नाहीत. काय लिहिलं आहे ते मला विचारतील आणि मी खोटं सांगेन.

भांडण करायला लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. बक्षीस मला मिळालं म्हणून तू गेलीस. मार्चमध्ये शोभिवंत माशांचं प्रदर्शन झालं, एप्रिलमध्ये पेपरचा माणूस फोटो काढून गेला, आणि आठ दिवसांत तू उमरेडच्या त्या स्थळाला होकार दिलास, ज्याला दोन वर्षं नकार देत होतीस. अर्जावर एकाच नावाची जागा होती, ताई. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. परीक्षकांनी काही विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणून माझं नाव घातलं. बातमीत मी तुझाही उल्लेख केला होता. 'मोठ्या बहिणीची मदत झाली' असं छापलं आहे. मी ते कात्रण ठेवलं आहे.

माशांच्या दुकानात टाक्या धुता धुता फेकायला काढलेला एक फाटक्या शेपटीचा फायटर मासा तू घरी आणलास आणि त्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, हे मी कुठेही नाकारलेलं नाही. पाच वर्षं पैदास करून तू निखारा काढलास: राखाडी अंग आणि परांच्या, शेपटीच्या काठाला विझत आलेल्या कोळशासारखी लाल रेघ. नावही तूच ठेवलंस. पण जाताना तू एकही मासा नेला नाहीस. सेहेचाळीस जीव माझ्यावर टाकून गेलीस. नोकरीच्या परीक्षा सोडून मी ते सांभाळते आहे. याला काय म्हणायचं?

मी काही सुधारणाही केल्या आहेत. तुझी ती दारूच्या चपट्या बाटल्यांची रांग गेली, ते तू पाहिलंच होतंस. आता सगळे मासे स्वच्छ बरण्यांत आहेत आणि प्रत्येक बरणीला छापील क्रमांक आहे. समाजमंदिरात मी वस्तीतल्या बारा बायकांना पैदास शिकवते आहे. घरबसल्या करता येण्यासारखं, पाण्याच्या दोन टबांत मावणारं काम. शिकलेल्या मुलीने आपल्या लोकांसाठी काहीतरी करायला हवं, असं मला वाटतं. तू हसशील.

एकच विचारायचं आहे. जुलैपासून तीनदा अंडी घेतली. पिल्लं निघतात, पण अर्धी तळाशी पोट घासत राहतात, वर उठतच नाहीत. जी उठतात त्यांच्यातल्या कित्येकांची पाठ वाकडी असते. पाणी, अन्न, ऊब, सगळं पुस्तकाप्रमाणे आहे. तुझ्या हातून असं कधी झालेलं मला आठवत नाही. तू काय करायचीस?

दीक्षा

१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

बाबा सांगत होते, तू पत्र घेतलंस, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवलंस आणि त्यांना वांग्याची भाजी वाढलीस. मी विचारलं, वाचलं का तिने? "मी का पाहत बसलो होतो?" मग थोड्या वेळाने, "चांगली आहे. जाडी झाली थोडी." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून की वाईट, ते कळलं नाही.

उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

चौथी जोडी लावली. तू करायचीस तसंच केलं. पसरट टब, चार बोटं पाणी, देशी बदामाचं वाळलेलं पान. मादीला आधी कंदिलाच्या काचेत ठेवलं, म्हणजे नराला ती दिसेल पण तो तिला फाडू शकणार नाही. दोन दिवसांत त्याने पानाखाली फेसाचं घरटं बांधलं. मग काच उचलली. तो तिला मिठी मारून पाण्यात उलटा होत होता, अंडी खाली गळत होती, आणि तो एकेक अंडं तोंडात धरून वर फेसात नेऊन चिकटवत होता. बायका टबाभोवती उकिडव्या बसल्या होत्या. प्रयागबाई म्हणाली, "माहा नवरा पोराले एक वेळ घेत नोता, अन् हा पाय कसा जपते!" सगळ्या हसल्या. काम झाल्यावर मादी लगेच बाहेर काढावी लागते, नाहीतर तोच नर तिला मारून टाकतो, हे मी सांगितलं. तेव्हा प्रयागबाई म्हणाली, "हं. मंग सारखाच आहे."

प्रयागबाई तुला आठवत नसेल. शहराच्या टोकाला बेसाच्या फ्लॅटांत तीन घरी स्वयंपाक करते. सही करता येत नाही, अंगठा लावते. पण एकही दिवस चुकत नाही.

शंभरेक पिल्लं निघाली. आज सोळावा दिवस. सत्तर तळाशी आहेत.

तू अशी टबाजवळ बसायचीस तेव्हा मी पलीकडे पलंगावर अभ्यास करायचे. तू काहीतरी बोलत असायचीस. "याले त्या मागच्या घरची द्याची नाई, तिचं पोट्टं वाकडं निघते." मी "हूं" म्हणायचे. अनुवंशशास्त्राचा पेपर होता, मटाराच्या झाडांचे तक्ते पाठ करत होते. मला वाटायचं तू माशांशी बोलतेस.

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली. प्रदर्शनाच्या अर्जावर दोन ओळी होत्या. एक 'सादरकर्ता' आणि खाली 'पैदास करणारा, वेगळा असल्यास'. दुसरी ओळ मी रिकामी सोडली. हिंमत करून सांगते, विसरून नव्हे, जाणूनबुजून. खाली शिक्षण विचारलं होतं. तुझं नाव लिहिलं असतं तर पुढे 'नववी' लिहावं लागलं असतं. मला तुझी लाज वाटली नाही. त्या लोकांनी तुझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला नको होतं. हे दोन्ही एकच आहे का, याचा मी महिनाभर विचार करते आहे.

पण एवढ्यासाठी कोणी घर सोडतं का, ताई? मी माफी मागितली असती. तू बोललीच नाहीस.

दीक्षा

२२ डिसेंबर २०२४

ताई,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल. पण वाच.

काल वर्गात प्रत्येकीला सरावाला दोन-दोन छोटे मासे दिले. मी आधी सांगितलं होतं, बरणीवर क्रमांक घाला, वहीत नोंद करा, कोणाचं पिल्लू आहे ते लिहा. फिरत फिरत प्रयागबाईकडे आले, तर तिच्या बरण्यांवर टिकल्या चिकटवलेल्या. एकीवर लाल टिकली, एकीवर लाल आणि तिच्याखाली हिरवी.

मी म्हटलं, "प्रयागबाई, सजावट नंतर करा. आधी नोंद."

ती म्हणाली, "नोंदच हाय ना बाई. लाल म्हंजे मोठ्या टबातली. हिरवी म्हंजे तिची माय दुसऱ्या टबातली. दोन लालवाल्यायचं लगन लावाचं नाई, भाऊ-बहीण होतेत ते. मले लिवता कुठं येते?"

मी खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. वर्गातली मिनल पाणी घेऊन आली.

ताई, त्या दारूच्या बाटल्यांच्या मानेवर तू नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. लाल, गुलाबी, चंदेरी. कुठे दोन लाल आणि एक चंदेरी, कुठे आडवी रेघ. मला वाटायचं, तू बाटलीवर रंग लावून पाहत असशील, कोणता चांगला दिसतो. पाच वर्षं मी ते रोज पाहिलं. प्राणिशास्त्र शिकत असताना पाहिलं. ते लिखाण आहे हे मला ओळखताच आलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला माहीत आहे, पण मी स्वतः कधी सांगितलं नाही.

पेपरचा माणूस चार वाजता येणार होता. आदल्या दिवशी मी घर आवरत होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या बरोबर खाली फळीवर दारूच्या सेहेचाळीस बाटल्या, मधे मधे, नरांनी एकमेकांना पाहून झुंजू नये म्हणून, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे. मला तो छापील फोटो डोळ्यांसमोर दिसायला लागला. पंचशील घेतलेलं घर, कोणी कधी थेंबाला शिवलं नाही, आणि बक्षीस मिळवलेल्या मुलीच्या मागे दारूच्या बाटल्या. लोक काय म्हणतील? आपले लोक काय म्हणतील, आणि त्याहून, दुसरे काय म्हणतील? "यांच्या घरी हेच असणार." हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं आहे, ताई. तू ऐकलेलं नाहीस.

म्हणून मी बरण्या आणल्या. तू दुकानात होतीस. एकेक मासा जाळीने काढला आणि हाताला येईल त्या बरणीत सोडला. एक, दोन, तीन, सेहेचाळीस. रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून कबाडीला दिल्या. दोन तास लागले. मला फार स्वच्छ वाटलं.

तू आलीस. चपला काढल्या. फळीकडे पाहिलंस. "बाटल्या कुठं गेल्या वं?" मी म्हटलं, कबाडीला दिल्या. तू म्हणालीस, "साऱ्या?" मी म्हटलं, हो, सगळ्या. तू बरण्यांसमोर बराच वेळ उभी राहिलीस. मग हात धुवून कणीक मळायला बसलीस. मला वाटलं, तुला बरण्या आवडल्या.

तू बक्षिसासाठी गेली नाहीस. मी आठ महिने सगळ्यांना तेच सांगत होते. बाबांनाही.

दीक्षा

१९ जानेवारी २०२५

ताई,

मी कबाडीकडे जाऊन आले. अनंत नाव आहे त्याचं, कमाल चौकाच्या मागे दुकान आहे. मी म्हटलं, मागच्या एप्रिलमध्ये चपट्या बाटल्यांचं एक पोतं दिलं होतं, त्यांच्या मानेवर रंगाचे ठिपके होते. तो आधी माझ्याकडे पाहतच राहिला. "मॅडम, एप्रिलचा काच? तो गलून पुन्हा बाटली झाला, त्यात पुन्हा दारू भरली, ती पिऊनही झाली असन." त्याच्या मागचे दोघे हसले. बरोबरच हसले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या बाटल्या मी आणल्या होत्या."

मला हे माहीत नव्हतं. कळमन्याच्या बाजारात बाबांबरोबर पोती वाहणारी माणसं रात्री पिऊन बाटल्या टाकतात, त्या बाबा सकाळी गोळा करायचे. तुला हव्या होत्या म्हणून. "एक दिवस मुकादम म्हणे, काहून गा धम्मानंद, आता उष्ट्या बाटल्याही चाटाले लागला का? मी बाटल्या पोत्यात भरल्या. वास जाव म्हणून राख अन् चिंचेनं धुवाचो. तुह्या ताईनं मले शिकवलं होतं, कोणता ठिपका कोणाचा. मले आता याद नाई." मग भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे बारा वाजले होते.

माझ्या शिक्षणाची या घरात जेवढी बडदास्त ठेवली गेली तेवढी कशाचीच नाही. मी अभ्यास करत असले की बाबा खोकतानाही बाहेर जायचे. आणि या घरात माझ्याशिवाय दोघांना वाचता येत होतं ते मला येत नव्हतं.

आता मुद्द्याचं. निखाऱ्याचे फक्त अकरा उरले आहेत. सात नर, चार माद्या. माद्यांचं वय होत आलं. त्यांतल्या दोघी तर अंडी धरणारही नाहीत. यातली कोणती कोणाला चालते हे पृथ्वीवर एका माणसाला माहीत आहे. तू एक दिवस ये. माझ्याशी बोलू नकोस. मी त्या दिवशी घरी राहत नाही, समाजमंदिरात जाते. बाबा असतील. तू नुसती फळीसमोर उभी राहा आणि सांग, ही याला, ती त्याला. तू माशाचा चेहरा ओळखायचीस, मला आठवतं. उन्हाळ्यापर्यंत नाही झालं तर निखारा संपेल. तो माझा नव्हता म्हणूनच मागते आहे.

नाहीतर बाबांजवळ निरोप दे. एक ओळ. तोंडी.

दीक्षा

१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

निरोप मिळाला.

बाबा बसमधून उतरून आले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भावना म्हणे, मले का पाठ होतं का सारं? पाठ असतं तर लिहिलं काहून असतं?"

मी विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, "नाई. मंग चहा केला तिनं."

तीन आठवडे हे वाक्य मनात घोळवते आहे. मी तुझ्याकडे चमत्कार मागत होते, चेहरा ओळखशील वगैरे. शिकलेल्या माणसाने अडाणी बाईकडून मागावा तसा. तू चमत्कार करत नव्हतीस. तू नोंद ठेवत होतीस. पाच वर्षांची वही होती ती, आणि मी ती वितळवून टाकली. माझी वही कोणी अशी टाकली असती तर मी त्याला जन्मभर माफ केलं नसतं. त्यामुळे ते मी मागत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी वर्गात बायकांना हे सगळं सांगितलं. अर्जाची दुसरी ओळही सांगितली. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. पुस्तकांत तसं होतं. मग प्रयागबाई म्हणाली, "मंग बाई, आमाले शिकवाले तिलेच काहून नाई आणलं?" रागाने नाही. खरोखर विचारत होती. मी म्हटलं, ती आता उमरेडला असते. ती म्हणाली, "बक्षीस भेटलं तवा तं इथंच होती ना."

पुढच्या वेळी सात जणी आल्या. काल चार. प्रयागबाई येते. तिच्या फळीवर टिकल्यांच्या तीन ओळी झाल्या आहेत आणि तिच्या पिल्लांची पाठ सरळ आहे. साधेच मासे आहेत, बाजारात मिळणारे निळे. ती मला टिकल्या समजावून सांगते. मी आता लिहून घेत नाही, ऐकते.

प्रदर्शनाच्या मंडळाला मी पत्र लिहिलं की पैदास माझी नाही, नाव दुरुस्त करा. उन्मेष नावाचे त्यांचे सचिव आहेत, त्यांचा फोन आला. फार सभ्यपणे बोलले. मागच्या वर्षीचा निकाल बदलण्याची सोय नाही, म्हणाले, पण यंदा निखाऱ्याची ताजी जोडी आणलीत तर तुमच्या बहिणीच्या नावाने नक्की घेऊ. मी म्हटलं, जोडी नाही. ते म्हणाले, "अरेरे. पण तुमच्यासारख्या सुशिक्षित मुलीच्या हातात असतानाही?"

थंडीत उरलेल्या माद्या गेल्या. शेवटची मंगळवारी. हीटर चालू होता, पाणी बरोबर होतं, तिचं वय झालं होतं. सात नरांपैकी एकच राहिला, बाकीचेही या थंडीतच गेले. काठाची लाल रेघ फिकट झाली आहे, पण अजून आहे.

त्याला मी बरणीतून काढलं. अनंतकडून एक चपटी बाटली मागून आणली. तो पैसे घेत नव्हता. "आता मॅडम पण," एवढंच म्हणाला. हातात उघडी बाटली घेऊन भर दुपारी आपल्या गल्लीतून आले. पिंपळाखालच्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, "ग्रॅज्युएट झाली अन् हे दिवस आले." मी थांबून सांगितलं नाही की ही कशाला आहे. बाबांनी बाटली माझ्या हातून घेतली आणि राख घेऊन नळावर बसले. दोनदा धुतली. वास घेऊन पाहिला. तिसऱ्यांदा धुतली.

आता तो फळीवर आहे, एकटा. शेजारी कोणी नाही, त्यामुळे पुठ्ठाही लागत नाही. तरी रोज सकाळी बाटलीच्या तोंडाशी फेस दिसतो. मादी नाही, अंडी येणार नाहीत, पण तो घरटं बांधून ठेवतो आणि त्याच्याखाली पहारा देतो.

काल नेलपॉलिशची बाटली घेऊन मी त्याच्यासमोर बसले होते. तुझीच आहे, लाल, कपाटात राहिलेली. अर्धी वाळली आहे. ब्रश काढला. मग परत आत घातला. त्याच्या बाटलीच्या मानेवर मी काही लावलेलं नाही, ताई. काय लावायचं ते मला येत नाही.

दीक्षा